पायाची जखम आणि पट्टीचा हिशेब

इचलकरंजीतील एक कापड व्यापारी गेल्या वैशाखात कुंभोज-बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला गेले होते. वय ६७, मधुमेह १८ वर्षांचा. उन्हाने तापलेल्या पायऱ्या त्यांनी नेहमीप्रमाणे अनवाणी चढल्या आणि उतरल्या. सोबतची तरुण मंडळी चटके बसून सावली शोधत पळत होती. अण्णा मात्र शांतपणे चालत होते. त्यांच्या सहनशक्तीचे सर्वांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चादर बदलू लागल्या तेव्हा तिच्यावर लालसर, पाणेरी डाग दिसला. अण्णांच्या उजव्या पावलाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी मोठा फोड येऊन फुटला होता. अण्णांनी चटका सोसला असे सर्वांना वाटले होते; तो त्यांना जाणवलाच नव्हता.

पुढच्या सात आठवड्यांत त्या जखमेवर घरात जितकी चर्चा झाली, तितकी दुकानाच्या वाटणीवरही झाली नसेल. वडीलधाऱ्या आत्याबाईंनी हळद आणि तूप सुचविले. गल्लीतील कंपाउंडर रोज येऊन हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम फेसाळून धूत आणि वर कोरडे गॉज बांधून जात. ते गॉज दुसऱ्या दिवशी जखमेला घट्ट चिकटलेले असे. ओढून काढताना नव्याने धरलेली नाजूक त्वचाही त्याच्याबरोबर निघून येई. मुलाने औषधाच्या दुकानातून चांदीयुक्त ड्रेसिंगचे खोके आणले. पुण्याच्या भाच्याने फोनवरून कोलॅजेनची शिफारस केली. प्रत्येक नव्या पट्टीबरोबर चार दिवस आशा वाटे. खर्च वाढत गेला आणि जखम जिथल्या तिथे राहिली.

अखेर अण्णांना मिरजेला, मधुमेही पावलांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे नेण्यात आले. सूनबाईंनी पिशवीतील सगळी खोकी टेबलावर मांडली आणि विचारले, “डॉक्टर, यांतले चांगले कोणते?” डॉक्टरांनी खोकी तशीच राहू दिली. त्यांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून “लागले का?” असे विचारले. हा धागा १० ग्रॅमचा दाब पडताच वाकतो; तेवढा स्पर्शही कळत नसेल तर पाऊल बधिर झाले आहे, असे समजतात. अण्णांना बहुतेक ठिकाणी काहीच कळले नाही. मग पावलावरची आणि घोट्यामागची नाडी पाहिली. ती लागत होती. बोथट सळई जखमेतून हाडापर्यंत पोहोचते का, हे तपासले, पोहोचत नव्हती. शेवटी डॉक्टरांनी अण्णांची चप्पल हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“अण्णा, दुकानात दिवसभर किती वेळ उभे असता?”

“सात-आठ तास तरी होतात.”

“म्हणजे सात-आठ तास तुम्ही या जखमेवर उभे असता.”

मधुमेही पावलाच्या जखमेत पट्टीचा प्रश्न येतो तो असा, बराच उशिरा. त्याआधी जखमेवरचा भार उतरवावा लागतो, पावलाला रक्त पुरेसे पोहोचते याची खात्री करावी लागते, जंतुसंसर्ग असेल तर त्यावर पोटातून किंवा शिरेतून औषध द्यावे लागते आणि मृत पेशी व भोवतालचा कठीण घट्टा कुशल हाताने कापून काढावा लागतो. रक्तशर्करा आटोक्यात आणणे हे तर गृहीतच. यांपैकी एखादी गोष्ट राहून गेली, तर वरची पट्टी कितीही महाग असली तरी ती गळक्या छपराला आतून रंग देण्यासारखी ठरते. रक्तपुरवठ्याच्या बाबतीत एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. घोट्याजवळचा रक्तदाब मोजण्याची नेहमीची चाचणी मधुमेहात फसवी ठरू शकते, कारण रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. पायाच्या अंगठ्यातील दाब अधिक भरवशाचा. तो ३० मिलीमीटरच्या खाली असेल तर पट्ट्यांची चर्चा थांबवून रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना तातडीने गाठावे लागते.

भार उतरविण्याचे महत्त्व वैद्यकाला प्रथम कुष्ठरोगाने शिकविले आणि त्यातील मोठा भाग भारतात शिकला गेला. शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांच्या पायांच्या जखमा भरत नाहीत, त्याचे कारण त्यांच्या शरीरात भरून येण्याची शक्ती नाही हे नव्हे, तर त्यांना वेदना होत नाही म्हणून ते जखमेवर चालत राहतात, हे त्यांनी ओळखले. पाऊल प्लास्टरमध्ये ठेवले की त्याच जखमा भरून येत. पुढे १९६० च्या दशकात ते अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथून हा उपाय मधुमेहींपर्यंत पोहोचला. आज तळव्याच्या पुढच्या भागावरील अशा जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लास्टर किंवा बूट हा पहिल्या पसंतीचा उपाय मानला जातो. ‘काढता न येणारे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काढता येणारा बूट घरात शिरताच काढून ठेवला जातो, आणि माणूस घरात चालतो ती पावले मोजण्यात कोणी धरत नाही.

आता पट्टीकडे वळता येईल. जखम उघडी ठेवून वाळवावी आणि तिच्यावर खपली धरू द्यावी, ही समजूत फार जुनी. डॉ. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवून दिले की पातळ पॉलिथिनखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर त्वचा उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने पसरते. कडेच्या पेशींना ओलसर पृष्ठावरून सरकता येते. वाळलेल्या खपलीखाली मात्र त्यांना वाट खणत जावे लागते. आधुनिक पट्ट्यांची सारी बाजारपेठ या एका निरीक्षणावर उभी आहे, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

परंतु ओलसर आणि चिंब यांत अंतर आहे. स्राव जास्त असलेल्या जखमेवर तो शोषून न घेणारी पट्टी ठेवली, तर कडेची त्वचा पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी पांढुरकी आणि भुसभुशीत होते आणि जखम आणखी पसरते. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न हाच : आजची पट्टी काढली तेव्हा ती कशी होती? कोरडी, ओलसर, की भिजून बाहेर गळणारी? भिजून गळत असेल तर अल्जिनेट किंवा जेल होणारे तंतू उपयोगी पडतात. अल्जिनेट समुद्रातील तपकिरी शेवाळापासून बनते. स्राव शोषून त्याचे मऊ जेल होते, आणि दोरीच्या रूपात मिळत असल्याने खोलगट जखमेत ते सैलसर भरता येते. सैलसरच; ठासून भरले तर तेच आतून दाबू लागते. स्राव मध्यम असेल तर पॉलियुरेथेनचा फोम, कमी असेल तर पॅराफिनचे गॉज किंवा न चिकटणारी जाळी आणि तिच्यावर साधे गॉज पुरते. जखम कोरडी असून पिवळट चिकट थर धरून बसली असेल तर हायड्रोजेल त्याला ओलावा देऊन सैल करते. हायड्रोकोलॉइड जखम पूर्ण झाकून टाकते. संसर्गाची शंका असलेल्या मधुमेही पावलावर ते टाळलेलेच बरे, कारण खाली काय चालले आहे ते काही दिवस कोणालाच दिसत नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि घरच्या मंडळींनी तो विशेष लक्षात ठेवावा. रक्तपुरवठा अपुरा असून बोट काळे, कोरडे पडले असेल तर त्याला ओलावा देऊ नये. कोरडे राहिलेले बोट काही काळ जसेच्या तसे राहते. ओले झाले की त्यात संसर्ग शिरतो आणि तो वेगाने वर चढतो. हायड्रोजेलची नळी आणि गरम पाण्याची बादली, दोन्ही येथे घातक आहेत. गरम पाण्यात पाय शेकण्याची आपल्याकडील सवय बधिर पावलासाठी एरवीही वाईटच. पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही.

पट्टीच्या किमतीचा आणि गुणाचा संबंध किती? यावर २००९ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मधुमेही पावलांच्या जखमा असलेल्या ३१७ रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला न चिकटणारे साधे विणलेले कापड, दुसऱ्याला आयोडीनयुक्त जाळी आणि तिसऱ्याला जेल होणाऱ्या तंतूंची आधुनिक पट्टी. २४ आठवड्यांनंतर साध्या कापडाच्या गटात सुमारे ३९ टक्के आणि इतर दोन्ही गटांत सुमारे ४५ टक्के जखमा भरल्या होत्या. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतील होता. पट्ट्यांवरचा सरासरी खर्च मात्र दर रुग्णामागे अनुक्रमे सुमारे १५, १७ आणि ४४ पौंड. मधुमेही पावलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटले की पट्टी मुख्यतः स्रावाचे नियंत्रण, रुग्णाची सोय आणि खर्च पाहून निवडावी. २०२३ च्या मार्गदर्शिकेत तर जखम भरावी एवढ्यासाठी चांदीसारख्या जंतुनाशक पट्ट्या, मध, कोलॅजेन किंवा अल्जिनेट वापरू नये, असा सल्ला आहे. अल्जिनेट स्राव टिपते. जखम लवकर भरते याचा पुरावा मात्र नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

एक पट्टी या यादीत वेगळी उभी आहे. सुक्रोज ऑक्टासल्फेट हे द्रव्य असलेल्या पट्टीची चाचणी युरोपातील पाच देशांत २४० रुग्णांवर झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बधिरता आणि रक्तपुरवठ्याची उणीव दोन्ही असलेल्या, पण संसर्ग नसलेल्या जखमांपैकी २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा तिने भरल्या. तेच द्रव्य नसलेल्या हुबेहूब पट्टीने ३० टक्के. मात्र भार उतरविण्यासह सर्व मूलभूत उपचार निदान दोन आठवडे नीट करूनही जखम पुरेशी भरत नसेल, तेव्हाच तिचा विचार करावा, असे मार्गदर्शिका सांगते.

खर्चाचा हिशेब करताना पट्टीची छापील किंमत पाहणे ही पहिली चूक होय. समजा, साधे गॉज आणि साहित्य ३० रुपयांचे आहे आणि घरी येणाऱ्या परिचारिकेचे शुल्क २०० रुपये. रोजचे २३०, सहा दिवसांचे १३८०. समजा, फोमची पट्टी ५०० रुपयांची आहे आणि ती तीन दिवस टिकते. परिचारिकेसह एका वेळचे ७००. सहा दिवसांत दोन वेळा, म्हणजे १४००. खर्च जवळजवळ सारखा, आणि जखमेला रोज उघडण्याचा त्रास नाही. पण संसर्गामुळे जखम रोज पाहणे भाग असेल आणि तरीही तीच फोमची पट्टी रोज बदलली, तर सहा दिवसांचे ४२०० होतात आणि पदरात जास्तीचे काही पडत नाही. अण्णांच्या घरी नेमके हेच घडले होते. तीन दिवस ठेवायची चांदीयुक्त पट्टी रोज बदलली जात होती, कारण कंपाउंडर रोज येत होते.

जैन कुटुंबांत पट्टीच्या संदर्भात आणखी एक प्रश्न उपस्थित होतो आणि संकोचामुळे तो बहुधा विचारला जात नाही. कोलॅजेनच्या पट्ट्या गाय-बैल, डुक्कर किंवा मासे यांपासून बनतात. हायड्रोकोलॉइडमध्ये अनेकदा जिलेटिन असते. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत सांगितलेला असल्याने मधाची पट्टी लावावी की नाही, हाही विचार मनात येतो. हे अण्णांच्या पत्नींनी मिरजेत हळूच विचारले, तेव्हा डॉक्टरांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला. अल्जिनेट वनस्पतिजन्य आहे, पॉलियुरेथेनचा फोम कृत्रिम आहे, सेल्युलोजचे तंतूही उपलब्ध आहेत. आणि कोलॅजेन किंवा मध नाकारल्याने उपचारात काही उणे राहते, असा पुरावा नाही. म्हणून पट्टी निवडण्यापूर्वीच हे सांगून टाकावे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ऐन वेळी सांगण्यापेक्षा ते सर्वांनाच सोयीचे.

स्वस्त पट्टीच्या शोधात मुंबईने एक आगळे योगदान दिले आहे, त्याचाही उल्लेख व्हावा. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या जखमांवर वापरल्या. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानांच्या पट्ट्यांचा अभ्यास झाला. न चिकटणारी, वेदना न देणारी आणि जवळजवळ फुकट अशी ती पट्टी. कंदमूळ ताटात वर्ज्य असलेल्या घरातही या वापराला सहसा हरकत घेतली जाणार नाही! मात्र हे प्रयोग भाजण्याच्या आणि त्वचारोपणाच्या जखमांसाठी होते. मधुमेही पावलाच्या खोल जखमेवर स्वयंपाकघरातील साल किंवा पान ठेवू नये.

घरी पट्टी बदलताना पाळायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या रोज पाळाव्या लागतात. हात साबणाने धुवावेत. जखम सलाईनने धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नव्या पेशींनाही मारतात. पट्टी चिकटली असेल तर ओढू नये, सलाईनने भिजवून सुटू द्यावी. बोटाभोवती चिकटपट्टीचा पूर्ण वेढा देऊ नये; सूज आली की तोच फास होतो. बूट-चप्पल न बदलता आत जाड पट्टी कोंबू नये, कारण तिचाही दाब जखमेवरच पडतो. भोवती लाली पसरू लागली, दुर्गंधी आली, पाऊल गरम किंवा काळे पडले, ताप आला किंवा शर्करा कारणाविना वाढू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बधिर पावलात दुखणे हे लक्षण कदाचित येणारच नाही.

अण्णांचा घट्टा कापून जखम स्वच्छ करण्यात आली, तिच्यावर साधा फोम ठेवला गेला आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढले. दुकानात एक उंच खुर्ची आली. अण्णांना ती पहिले काही दिवस अपमानास्पद वाटली. मंदिराच्या पायऱ्या बंद झाल्या; पूजा घरच्या देवघरात होऊ लागली. दर आठवड्याला प्लास्टर बदलताना सूनबाई दुकानातील लाल चोपडीत जखमेची लांबी-रुंदी टिपून ठेवत. पहिल्या दिवशी २.४ गुणिले २.०, म्हणजे ४.८ चौरस सेंटिमीटर. चौथ्या आठवड्यात १.७ गुणिले १.३, म्हणजे २.२. चार आठवड्यांत क्षेत्रफळ साधारण निम्मे झाले नाही तर बारा आठवड्यांत जखम भरण्याची शक्यता कमी असते आणि उपचारांचा मुळापासून फेरविचार करावा लागतो. तो आकडा वाचून डॉक्टरांनी पट्टी बदलली नाही, प्लास्टर मात्र नवे घातले.

तेराव्या आठवड्यात जखम बंद झाली. एकदा भरलेली अशी जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले आणि आतून मऊ रबर असलेल्या चपला लिहून दिल्या. उरलेली चांदीयुक्त खोकी कपाटातच आहेत. चोपडी मात्र अजून चालू आहे. रोज रात्री सूनबाई अण्णांचे दोन्ही तळवे दिव्याखाली पाहतात आणि एक ओळ लिहितात. बहुतेक पानांवर ‘काही नाही’ एवढेच आहे. पर्युषणातील एका तारखेला लिहिले आहे : ‘डाव्या टाचेला बारीक भेग. उद्या मिरज.’